मांडवात जायचं, पण बसायचं कुठे?

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात : नगर जिल्ह्यातलं एक मराठी ख्रिस्ती कुटुंब गेली काही वर्षं मिशनकार्यासाठी कंबोडियातल्या बत्तामबांग प्रांतात राहतं. यजमान मुलांना इंग्रजी शिकवतात, ताई विद्यार्थिनींचं छोटं वसतिगृह सांभाळतात. घरमालकीणबाईंना सगळे 'ओम' म्हणतात, म्हणजे आईवडिलांपेक्षा वयानं मोठी मावशी किंवा आत्या. ओमच्या धाकट्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे, पारंपरिक ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या बहुसंख्य समाजाच्या, पद्धतीनं. ओमनी या कुटुंबाला नुसतं जेवायला बोलावलेलं नाही. सकाळच्या मिरवणुकीत सगळ्यांनी फळांची तबकं धरावीत, मेणबत्त्या फिरवण्याच्या विधीला पतिपत्नीनं जोडीनं बसावं आणि पंधरा वर्षांच्या मुलीनं नवरीची करवली व्हावं, अशी त्यांची इच्छा आहे. यजमानांच्या मते भिक्खूंचं पठण, पूर्वजांना नैवेद्य, मनगटाला दोरे हे सगळं आपल्या श्रद्धेविरुद्ध आहे. फक्त संध्याकाळी जेवायला जावं. ओळखीचं दुसरं मिशनरी कुटुंब म्हणतं, मांडवात पाऊलच ठेवू नका. मुलगी रुसून बसली आहे. मदत पाठवणाऱ्या गावाकडच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, फोटो पाहिले तर काय, ही धास्ती वेगळीच. ताई विचारतात : "ओमचं मन मोडायचं, की प्रभूशी असलेली निष्ठा? आमच्याकडे उपासनेला येणारी तरुण ख्मेर मुलंही आम्ही काय करतो ते बघत असणार."

प्रिय ताई,

पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते सगळ्यात अवघड गोष्ट त्यातच आहे. तिथे मी येणार आहे. त्याआधी ओमच्या मांडवात जाऊ या, कारण तुमच्या घरातला निम्मा वाद या लग्नात नेमकं काय काय होतं हे नीट न पाहिल्यामुळे झालेला दिसतो. सिएम रीपला आम्ही काही वर्षं राहत होतो, तेव्हा शेजारपाजारच्या लग्नांना मी जात असे. त्या ओळखीवर हे लिहिते आहे. विधींचा क्रम आणि थाट गावागणिक, घरागणिक बदलतो, तेव्हा ओमच्या घरचं काय ते ओमनाच विचारून घ्या.

तुमचे यजमान 'हे सगळं' म्हणतात. मी अडते ती या 'सगळं'पाशी. ख्मेर लग्न पूर्वी तीन दिवस चालायचं, आता बहुतेक घरांत दिवस-दीड दिवसात आटोपतात. तेवढ्या वेळात कितीतरी वेगवेगळ्या गोष्टी घडतात आणि त्यातली प्रत्येक गोष्ट पूजा नसते. पहाटेपासून कर्णे वाजू लागतात. रस्त्यावरच घातलेल्या मांडवाच्या दाराशी घडांसकट केळी बांधलेल्या असतात. त्या पाहून तुम्हाला गावाकडची आठवण आली नसेल तर नवल. थोड्या अंतरावर वराकडची मंडळी जोडीजोडीनं रांगेत उभी राहतात. प्रत्येकाच्या हातात तबक : केळी, सफरचंदं, मिठाई, शीतपेयांचे डबे, आणि प्रत्येक जिन्नस जोडीनं. वाजतगाजत रांग नवरीच्या घरी पोचते, दोन्हीकडचे वडीलधारे तबकं बघतात, गाण्यांतून थट्टामस्करी होते. माणसं कमी पडली तर शेजारीही रांगेत उभे राहतात. वराकडचे लोक भरल्या हातांनी आले आणि गावानं ते पाहिलं, एवढाच त्याचा मतलब. यात हात जोडायचे आहेत ते माणसांना.

केस कापण्याचा विधीही असाच. प्रत्यक्षात केस कापत नाहीत. वधूवरांच्या डोक्यावरून कात्री फिरवतात, अत्तर शिंपडतात, गाणाऱ्यांची जोडी नाचून हसवते. मागचं मागे टाकून नव्यानं सुरुवात करा, असा त्यातला आशीर्वाद. शेवटी नवरा नवरीच्या शेल्याचं टोक धरून तिच्यामागोमाग खोलीत जातो, त्यामागे तर एक कथा आहे. प्रेआ थोंग नावाचा परदेशातून आलेला राजपुत्र नागराजाच्या मुलीच्या प्रेमात पडला आणि तिचा शेला धरून पाण्याखालच्या नागलोकात गेला. ख्मेर लोक आपल्या राज्याची सुरुवात या जोडप्यापासून मानतात. दर लग्नात घडीभर ती कथा पुन्हा घडते.

आता भिक्खूंचं पठण आणि त्यांनी शिंपडलेलं पाणी, पूर्वजांसमोर ठेवलेलं अन्न आणि उदबत्त्या, भूमीच्या अधिष्ठात्याला दिलेला भाग. हे मात्र श्रद्धेचं काम आहे. ओमच्या घरचे ते मनापासून करतात. इथे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटतं आणि त्यांना कुणी हट्टी म्हणू नये. ज्या गोष्टीला समोरचा माणूस पूजा मानतो तिला 'ही आपली नुसती संस्कृती' म्हणून वरवर हात जोडणं, हा ओमच्या श्रद्धेचाही अपमान आहे. सुदैवाची गोष्ट अशी की या वेळी पाहुण्यांनी उदबत्ती लावावी अशी कुणाची अपेक्षा नसते, परदेशी पाहुण्यांकडून तर नाहीच. मागे शांत बसणं पुरतं.

राहिल्या मधल्या दोन गोष्टी, मेणबत्त्या आणि दोरे.

मेणबत्त्यांच्या विधीला वधूवरांभोवती जोडपी गोल करून बसतात. पोपिल नावाच्या धातूच्या, पानाच्या आकाराच्या धारकात मेणबत्ती लावलेली असते. ती हातोहात फिरते, बहुधा सात फेरे, आणि ज्याच्या हातात येईल तो तिचा धूर हातानं वधूवरांकडे सारतो. या गोलात कोणालाही बसवत नाहीत. ज्यांचा संसार टिकला आहे, सुखाचा आहे, अशाच जोडप्यांना बोलावतात, आपल्याकडे सवाष्णींना बोलावतात तसं. ताई, ओमनी तुम्हाला तिथे बोलावलंय म्हणजे इतकी वर्षं शेजारून तुमचा संसार पाहून त्यांनी आपल्या लेकीसाठी त्यातलं काही मागितलंय. तुम्ही हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण हे मागणं काय आहे ते ओळखून म्हणा. पत्रात तुम्ही 'आम्हाला विधीत ओढतायत' असं लिहिलंय. मला ते ओढणं वाटत नाही.

दोऱ्यांचं थोडं गुंतागुंतीचं आहे. वधूवर उशीवर कोपरं टेकून हात जोडून बसतात आणि नातेवाईक एकेक करून त्यांच्या मनगटांना लाल दोरा बांधतात. म्हणजे बांधायचा तुम्ही, तुमच्या हाताला कुणी बांधत नाही. पत्रावरून यजमानांचा इथे गैरसमज झालेला दिसतो. माणसाच्या ठायी १९ प्रलुंग, म्हणजे प्राण म्हणा किंवा आत्मे म्हणा, असतात आणि ते भटकू नयेत म्हणून दोऱ्यानं बांधून ठेवायचे, अशी त्यामागची जुनी ख्मेर समजूत आहे. ही समजूत मानणारे आजही आहेत, म्हणून तुमच्या मिशनरी मित्रांची शंका अगदीच हवेतली नाही. त्याच वेळी बहुतेक पाहुणे दोरा बांधताना जे पुटपुटतात ते असतं : आयु, वण्ण, सुख, बल. दीर्घायुष्य, कांती, सुख, ताकद. यातलं एकही नवदांपत्यासाठी मागायला तुमची हरकत नसावी. दोरा बांधताना आशीर्वाद कोणाच्या नावानं आणि कोणत्या शब्दांत द्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. तुम्ही तुमच्या प्रभूजवळ मनातल्या मनात मागा.

ओमच्या मागण्यामागे आणखी एक गोष्ट असू शकते. ओमच्या आई अजून आहेत असं तुम्ही लिहिलंय. ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटानं १७ एप्रिल १९७५ ला राजधानी नॉम पेन्ह घेतली, त्यांची राजवट ७ जानेवारी १९७९ पर्यंत टिकली. त्या काळात भिक्खूंना चीवर उतरवायला लावलं, विहार बंद पाडले, पूर्वजांना नैवेद्य दाखवणंही गुन्हा झाला. लग्नं मात्र लावली जात. कोणाचं कोणाशी ते 'संघटना', म्हणजे ख्मेर रूजचं नेतृत्व, ठरवायची. अनेक जोडप्यांना एकदम उभं करायचं, अंगावर काळे कपडे, आईबाप हजर नाहीत, फळं नाहीत, गाणी नाहीत. संघटनेशी निष्ठेची शपथ घेतली की लग्न झालं. नाही म्हणायची सोय नव्हती. नॉम पेन्हच्या विशेष न्यायालयानं १६ नोव्हेंबर २०१८ च्या निकालात ही सक्तीची लग्नं मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवली. ओमच्या घरात त्या काळात काय झालं हे मला ठाऊक नाही, तुम्हीही खोदून विचारू नका. पण त्या पिढीतली माणसं जिवंत असलेल्या घरात नातीचं लग्न सगळ्या फळांनिशी, सगळ्या दोऱ्यांनिशी, वडीलधाऱ्यांनी भरलेल्या मांडवात व्हावं, असं वाटण्यामागे काय असू शकतं ते ध्यानात ठेवा. ख्मेर रूजच्या त्याच वर्षांत नॉम पेन्हचं कॅथेड्रलही पाडलं गेलं आणि मुळात मूठभर असलेले ख्मेर ख्रिस्ती मारले गेले किंवा परागंदा झाले. तुमच्या उपासनेला येणाऱ्या मुलांचे आजीआजोबा आणि ओमची आई एकाच जात्यात भरडले गेले आहेत.

आता शास्त्राकडे. मी तुमच्या मंडळीतली नाही, तुम्हाला पवित्र शास्त्र शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण यजमानांनी पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १० वा अध्याय पुढे केला आहे, म्हणून तो मी काढून वाचला. प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला असे दोन्ही पिता येत नाहीत, हे त्यात आहेच. पण त्याच अध्यायात थोडं पुढे पौल म्हणतो की विश्वास न ठेवणाऱ्यानं जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर जा आणि वाढलेलं खा, प्रश्न काढत बसू नका. 'हा नैवेद्य आहे' असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर मात्र सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. म्हणजे वेदीपाशी वेगळं आणि शेजाऱ्याच्या पंगतीत वेगळं. त्या घरात पाऊल ठेवू नका, असं पौलही म्हणत नाही. दुसरी आठवते ती नामानाची कथा, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायातली. अरामचा हा सेनापती कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला विचारतो : माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची मला क्षमा होईल ना? अलीशा त्याला नियमांची यादी देत नाही. शांतीनं जा, म्हणतो. ही दोन्ही ठिकाणं तुम्ही दोघांनी मिळून वाचा. एकमेकांना हरवायला वाचू नका.

आणि वाचताना एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या लग्नात हळद लागली होती का? गळ्यात मंगळसूत्र आहे का, कदाचित क्रूसाचं पदक ओवलेलं? नगरकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत हळद लागते आणि मंगळसूत्र घालतात. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये पोचलं. तेव्हापासून काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा निवाडा तिथल्या मराठी घरांनी केला, भांडत, चुकत, सुधारत, काही पिढ्या लावून. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये, आणि त्यांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं तेव्हा वारकऱ्यांची चाल सोडावी लागली नाही. परदेशी मिशनरींनी सांगितलं म्हणून एका दुपारी हे ठरलं नाही. ते आपल्या माणसांनी ठरवलं, म्हणून टिकलं.

इथे मी तुमच्या त्या शेवटच्या वाक्यापाशी येते.

ओमच्या मांडवात तुम्ही दोरा बांधला नाहीत, तर फार तर काय होईल? 'परदेशी आहेत, त्यांचा धर्म वेगळा' असं म्हणून लोक सोडून देतील. संध्याकाळपर्यंत विसरतीलही. पण तुमच्याकडे येणारा एखादा विशीतला मुलगा स्वतःच्या बहिणीच्या लग्नात दोरा बांधायला उठला नाही, किंवा पचुम बेनच्या पंधरवड्यात पूर्वजांसाठी विहारात गेला नाही, तर गाव म्हणतं, यानं आईबाप टाकले. त्याला तिथेच राहायचंय, शेती तिथेच, म्हाताऱ्या आईला सांभाळायचं तिथेच. तुमच्या नकाराची तुम्हाला जी किंमत पडते तिच्या कितीतरी पट त्याला त्याच नकाराची पडते. आणि तो तुमच्याकडे बघतोय. तुम्ही 'मांडवात पाऊल नाही' असं ठरवलंत, की तो ते नियम म्हणून घरी घेऊन जाईल. उलट तुम्ही सगळ्यात हसतखेळत सामील झालात, तर ज्या मुलीनं घरच्यांचे बोल खाऊन नैवेद्याला हात जोडणं सोडलंय, तिला वाटेल की मग मी एवढं कशासाठी सोसलं?

तेव्हा 'आम्ही काय करावं' हे ठरवण्याआधी त्या मुलांना आणि विशेषतः तुमच्या भागातल्या वयस्क ख्मेर ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना विचारा : तुमच्या घरच्या लग्नात तुम्ही काय करता? कुठे अडता? कितीतरी ख्मेर ख्रिस्ती घरांत फळांची मिरवणूक असते, रेशमी पोशाख असतात, आईवडिलांचे आभार मानण्याचा सोहळा असतो, आणि भिक्खूंच्या जागी पाळक प्रार्थना करतात. त्यांनी बराच विचार करून ठेवलेला असतो, आपण विचारत नाही एवढंच. त्यांचं उत्तर तुमच्या यजमानांच्या किंवा त्या मिशनरी मित्रांच्या उत्तरापेक्षा वेगळं निघालं, तर माझं स्पष्ट मत आहे की त्यांच्या उत्तराला जास्त वजन द्या.

माझा सल्ला मागितलात, तर तो असा. सकाळच्या मिरवणुकीला सगळेच जा आणि तबकं धरा. पठण आणि पूर्वजांच्या नैवेद्याच्या वेळी मागे बसा, पाय एका बाजूला दुमडून. तळवे भिक्खूंकडे किंवा वडीलधाऱ्यांकडे नकोत. तेवढा वेळ बसणंही यजमानांना जड वाटत असेल तर त्यांनी बाहेर स्वयंपाकाच्या बाजूला मदतीला जावं, तिथे हात नेहमीच कमी पडतात. पोपिलच्या गोलात बसायचं तर दोघांनी मनापासून बसायचं. एकाचं मन कचरत असेल तर त्याला ओढू नका. त्या जागी अवघडून बसलेलं जोडपं ओमनाही नको असेल. दोरा मात्र एकेकट्यानंही बांधता येतो. तुम्हाला मोकळं वाटत असेल तर तुम्ही बांधा, यजमानांनी आहेराचं पाकीट देऊन तोंडानं आशीर्वाद द्यावा. नवराबायकोनं एकाच मांडवात दोन वेगळ्या गोष्टी केल्या म्हणून काही बिघडत नाही. 'फक्त जेवायला' हा यजमानांचा मार्ग तिथल्या रीतीत उद्धट नाही, बहुतेक आमंत्रित संध्याकाळीच येतात. पण सकाळ ही जवळच्यांची असते, आणि ओमनी तुम्हाला जवळच्यांत धरलंय, हे तोलताना विसरू नका.

जे करणार नाही ते आधी सांगा. लग्नाच्या दिवशी, चटईवर, विधी चालवणारे आचार्य नाव पुकारत असताना मान हलवणं, याच्याइतकं ओमना खाली पाहायला लावणारं दुसरं काही नाही. ख्मेर माणूस तोंडावर तुम्हाला काही बोलणार नाही, पण ती सल राहते. तुमच्या मंडळीतल्या एखाद्या जाणत्या ख्मेर बाईंना बरोबर घ्या, थोडी फळं घेऊन ओमकडे जा, आणि पहिल्यांदा त्यांनी दिलेल्या मानाबद्दल बोला. मग म्हणा : "ओम, त्या गोलात बसायला तुम्ही आम्हाला योग्य समजलात, हे आम्ही कधी विसरणार नाही. आमच्या श्रद्धेमुळे आम्हाला तेवढं जमणार नाही. त्याऐवजी आम्हाला एखादं काम द्या, घरच्यांसारखं." आणि काम मागितलंत तर ते पहाटे तीनला उठून करा. लवकर जा, कारण जोडप्यांची नावं आणि भाड्याच्या पोशाखांची मापं बरीच आधी ठरतात.

मुलीचं मी वेगळं काढलंय. करवली दिवसभर नवरीला चिकटून असते. पठणाच्या वेळी, दोऱ्यांच्या वेळी, सगळीकडे तिच्या शेजारी, तिच्यासारखेच हात जोडून. म्हणजे मांडवातल्या तुमच्या सगळ्या जागांपैकी सगळ्यात आतली जागा तिला मिळाली आहे, आणि पत्रभर तिचं मत मला कुठे सापडलं नाही. ती रुसली एवढंच कळलं. पंधरा वर्षांची मुलगी ख्मेर मैत्रिणींमध्ये वाढली आहे, बहुधा तुमच्या दोघांपेक्षा सफाईनं ख्मेर बोलत असेल. तिला विचारा, भिक्खूंसमोर हात जोडून बसताना तुझ्या मनात काय असेल? तिचं उत्तर तुम्हाला चकित करेल, कदाचित घाबरवेलही, पण ते ऐका. मधला रस्ता असा निघू शकतो : मिरवणूक, केस कापण्याचा विधी आणि संध्याकाळचा समारंभ यांत तिनं करवली म्हणून असावं आणि पठणाच्या वेळी दुसऱ्या मुलीनं बसावं. ओमना हे चालेल का ते विचारायला तिलाच बरोबर न्या. नकार द्यायचा ठरला, तर तो तिनं स्वतःच्या तोंडानं नवरीला सांगावा, तुमच्याकडून तो तिला बाहेर कळू नये.

गावाकडच्या मंडळीला लग्नाआधी पत्र लिहा, नंतर नको. आम्हाला शेजारच्या लग्नाचं आमंत्रण आहे, आम्ही यात यात सहभागी होणार, यात यात नाही, आणि इथल्या विश्वासणाऱ्यांशी बोलून हे ठरवलंय, एवढं साधं लिहा. आधी कळलेल्या गोष्टीला लोक समजून घेतात, फोटोतून अचानक दिसलेल्या गोष्टीला नाही. आणि फोटोंबद्दल माझं थोडं कडक मत आहे. मासिक अहवालात, मदतीच्या आवाहनात, व्हॉट्सॲपच्या गटात ओमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो टाकू नका, 'या लोकांसाठी प्रार्थना करा' असं म्हणून तर मुळीच नको. ते तिच्या आयुष्यातलं लग्न आहे. त्याच कारणानं मांडवात सुवार्ता सांगण्याची संधीही शोधू नका. तुम्ही पाहुणे म्हणून जा.

हे सदर वाचणाऱ्यांत नोकरीनिमित्त तिकडे राहणारी बाकीची मराठी कुटुंबंही आहेत. त्यांच्या अडचणी बहुतेक ताटाच्या आणि प्याल्याच्या असतात, आणि त्यांनाही उपाय तोच : आधी सांगा. संध्याकाळी गोल टेबलावर दहाजण जमले की वाढणं सुरू होतं आणि एकामागून एक पदार्थ येतात, त्यात मांस-मासे असणारच. शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी घरच्यांच्या कानावर घाला आणि थोडं खाऊन जा. बियरचे प्याले सतत एकमेकांना भिडवले जातात; तुमच्या प्याल्यात पाणी किंवा सरबत असलं तरी चालतं, प्याला उचलला पाहिजे.

पाकिटाचं म्हणाल, तर आमंत्रणपत्रिकेच्या पाकिटावर तुमचं नाव असतं, त्यातच पैसे घालून परत द्यायची पद्धत आहे. डॉलर किंवा रिएल, काहीही चालतं. वहीत नावापुढे रक्कम लिहिली जाते, तुमच्या घरी कार्य निघालं की त्याची परतफेड होते. लग्नाचा खर्च बऱ्याच अंशी या पाकिटांतून भागतो, तेव्हा किती घालायचे ते शेजारच्या घरी विचारा आणि हात आखडू नका. कपड्यांत पूर्ण पांढरं नको, काळं-पांढरंही नको, तो दुखवट्याचा पोशाख आहे. ख्मेर पोशाख भाड्यानं घ्यायची गरज नाही. तुमची रेशमी साडी ओमना आवडेल, फक्त रंग त्यांना विचारून ठरवा. आणि सकाळी सहाला दारात तयार राहा, मिरवणूक कुणासाठी थांबत नाही.